कोटेशनमधल्या आठ ओळी

आमच्या घरी विजेवर चालणारी गाडी आल्यापासून दारव्ह्यातील ओळखीची माणसे दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "एका चार्जिंगमध्ये किती चालते?" आणि दुसरा, "किती कमी करून घेतले?" दुसऱ्या प्रश्नाला आम्ही "बारा हजार" असे उत्तर दिले, तर माणसे हिरमुसतात. "साडेब्याण्णव हजार" असे दिले, तर विश्वास ठेवत नाहीत. दोन्ही उत्तरे खरी आहेत. ती कशी, हे सविस्तर लिहावेसे वाटले. कारण आपल्या घरांमध्ये गाडी काही दरवर्षी घेतली जात नाही. आयुष्यात एक-दोनदा घ्यायची, तीही पै-पै जोडून. अशा वेळी कुठे काय विचारायचे, हे आधी कळलेले बरे.

आम्ही म्हणजे अम्मी-अब्बा, दोघे भाऊ, दोघांच्या बायका आणि चार मुले. अब्बांनी दारव्ह्यात चाळीस वर्षे कापडाचे दुकान चालवले. आता ते धाकटा सांभाळतो. थोरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. घराचा हिशेब थोरल्या सुनेकडे असतो. ती बी.कॉम. झालेली आहे आणि दुधाच्या बिलापासून फितऱ्यापर्यंत सगळे वहीत लिहून ठेवते.

दोन वर्षांपूर्वी अब्बांच्या मूत्रपिंडांनी काम सोडले. तेव्हापासून आठवड्यातून तीन वेळा यवतमाळला डायलिसिस करावे लागते. उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत होतात, अल्हम्दुलिल्लाह. पण जाण्यायेण्याचा खर्च कोणत्याच योजनेत बसत नाही. दारव्हा ते यवतमाळ चाळीसेक किलोमीटर. जाताना एस.टी. चालते, पण चार तास मशीनला जोडून राहिलेल्या माणसाला येताना गर्दीच्या गाडीत उभे करता येत नाही. म्हणून भाड्याची गाडी करायचो. एका फेरीचे १,४०० रुपये. महिन्याला तेरा फेऱ्या धरल्या तर १८,२०० आणि वर्षाचे दोन लाख अठरा हजार. सुनेने हा आकडा वहीतून वाचून दाखवला, तेव्हा घरात कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी अब्बाच म्हणाले, "भाडं भरत राहण्यापेक्षा गाडी घ्या. पण सूद देऊन घेऊ नका."

ही अट आमच्या घरात नवी नव्हती. अब्बांचे बहुतेक गिऱ्हाईक शेतकरी. दिवाळीचे कापड उधारीवर न्यायचे, कापूस विकला की पैसे आणून द्यायचे. त्या उधारीवर अब्बांनी कधी एक रुपया वर घेतला नाही. कर्जाने आणि त्यावरच्या व्याजाने आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील किती घरे उजाड केली, हे सांगायला कोणा बाहेरच्याची गरज नाही. तेव्हा गाडी घ्यायची ती जमेल तेवढ्या पैशांत, असे ठरले. दुकानातील शिल्लक, थोरल्याची बचत आणि त्या वर्षी आपल्या पाळीला आलेली भिशी, असे मिळून ९ लाख ५० हजार जमत होते. अम्मीने हजसाठी बाजूला ठेवलेले पैसे ती पुढे करत होती. त्यांना हात लावायचा नाही, हे आम्ही चौघांनी आधीच ठरवून टाकले होते. म्हणजे साडेनऊ लाखांच्या वर एक हजारही गेला, तर तो कुठून आणायचा याचे उत्तर आमच्याकडे नव्हते.

पेट्रोलची की विजेची, यावर घरात बराच खल झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्या बऱ्याच स्वस्त झाल्या. विजेच्या गाड्यांवर २०१९ पासून ५ टक्केच आहे, त्यात बदल झाला नाही. धाकट्याचे म्हणणे, पेट्रोलची गाडी सात लाखांत येते, मग जास्त कशाला घालायचे? सुनेने पुन्हा वही काढली. महिन्याच्या तेरा फेऱ्या म्हणजे १,०४० किलोमीटर. लिटरला सोळा किलोमीटर धरले तर ६५ लिटर पेट्रोल, लिटरचा भाव शंभराच्या वर, म्हणजे सहा-सात हजार रुपये. विजेच्या गाडीला एका युनिटला सात किलोमीटर धरले तर दीडशे युनिट आणि घरच्या मीटरवर वरच्या टप्प्यातील दर लागला तरी अठराशे रुपये. महिन्याला पाच हजारांचा फरक. शिवाय आमचा रस्ता ठरलेला, अंतर ठरलेले, रात्री गाडी अंगणात उभी. विजेच्या गाडीला याहून सोयीचे घर कोणते?

पहिली बचत इथेच झाली, शोरूमची पायरी चढण्यापूर्वी. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटरसाठी चारशे किलोमीटरची बॅटरी लागत नाही. एकाच गाडीत लहान-मोठी बॅटरी असे दोन प्रकार मिळतात. टियागो ईव्ही २०२२ मध्ये आली ती १९.२ आणि २४ किलोवॅट-तासांच्या बॅटरीत, पंच ईव्ही २०२४ मध्ये २५ आणि ३५ च्या. मोठ्या बॅटरीचे लाख-दीड लाख रुपये जास्त पडतात. रोजचे अंतर आधी मोजले, तर विक्रेत्याच्या तोंडी "मोठीच घ्या" हे शब्द येण्यापूर्वी आपले उत्तर तयार असते. बॅटरी विकत न घेता किलोमीटरमागे भाडे देण्याचाही एक प्रकार आहे. विंडसर ही गाडी सप्टेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा बॅटरीसह साडेतेरा लाख आणि बॅटरीशिवाय ९ लाख ९९ हजार, अधिक किलोमीटरला साडेतीन रुपये, असा तिचा भाव होता. आमच्या १,०४० किलोमीटरला हे भाडे महिन्याला ३,६४० रुपये झाले असते, वीज वेगळी. ज्यांना हा मार्ग घ्यायचा असेल, त्यांनी कागदावर ते भाडे आहे की कर्ज, हे सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे.

आम्ही कोणती गाडी घेतली आणि कोणाकडून, हे इथे लिहीत नाही. ही जाहिरात नाही आणि तक्रारही नाही. जवळपास सगळीकडे हाच अनुभव येतो, म्हणून सांगतो आहोत.

नोव्हेंबरमध्ये आम्ही यवतमाळच्या एका शोरूममध्ये गेलो. अब्बांना मुद्दाम बरोबर नेले. कारण गाडीत बसणार ते. सीट फार खाली असली तर डायलिसिसनंतर त्यांना उठवत नाही, दार पुरते उघडले नाही तर पाय आत घेववत नाहीत. हे चकचकीत माहितीपत्रकात लिहिलेले नसते. घाटंजीकडचा एक तरुण विक्रेता होता, बोलायला गोड. त्याने अब्बांना चार वेळा बसवले-उठवले, पाणी आणून दिले. गाडी पसंत पडली. मग तो म्हणाला, "चाचा, तुमच्यासाठी चाळीस हजारांची सूट आहे. ऑन-रोड दहा लाख एकवीस हजार शंभर. महिनाअखेरपर्यंतच हं!"

आमच्या हिशेबापेक्षा ७१,१०० जास्त. तोच पुढे म्हणाला, "तेवढंच कर्ज घ्या ना, हप्ता जाणवणारसुद्धा नाही." थोरल्या सुनेने शांतपणे विचारले, "ऑन-रोडचा हिशेब छापून द्याल का? ओळ-न्-ओळ वेगळी." त्याने छापून दिला. आठ ओळी होत्या.

शोरूमची किंमत ९,४०,०००. विमा ५२,०००. आरटीओ १४,५००. हँडलिंग ८,५००. ॲक्सेसरीजचा संच १८,०००. वाढीव वॉरंटी २१,०००. कोटिंग ६,५००. फास्टॅग ६००. एकूण १०,६१,१००. त्यातून सूट ४०,०००.

त्या दिवशी आम्ही काही न ठरवता कागद घेऊन घरी आलो. पुढचे आठ-दहा दिवस तो कागद दस्तरखानावर, दुकानाच्या गल्ल्यावर आणि डायलिसिसच्या बाकावर आमच्याबरोबर फिरला. एकेक ओळ घेऊन आम्ही एकच प्रश्न विचारत गेलो: हे पैसे कोणाला जातात आणि कशाबद्दल?

पहिली ओळ कंपनीची. त्यात ५ टक्के जीएसटी धरलेला असतो. ही किंमत विक्रेता वाढवू शकत नाही. सूट मात्र या ओळीतून वजा होऊन पक्क्या बिलावर दिसायला हवी, तोंडी नको. शोरूमची किंमत दहा लाखांच्या वर असेल तर एक टक्का टीसीएस वेगळा घेतात. तो आयकर विवरणपत्र भरून वळता करून घेता येतो किंवा परत मिळतो. अनेक जण ते पैसे गेले असे समजून सोडून देतात. आमची गाडी दहा लाखांच्या आतली होती, म्हणून ती नववी ओळ आमच्या कागदावर नव्हती.

दुसरी ओळ विम्याची. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वर्षाचाच घेतला तरी चालतो. विजेच्या खासगी गाडीला थर्ड पार्टीच्या हप्त्यात १५ टक्के सवलत २०२२ पासून आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विमा शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती कोणालाही करता येत नाही. विक्रेता म्हणाला, "बाहेरचा घेतला तर कॅशलेस मिळणार नाही." आम्ही त्यांच्याच वर्कशॉपमध्ये गेलो आणि विचारले की, कोणकोणत्या विमा कंपन्यांशी तुमचा कॅशलेस करार आहे? त्यांनी यादी दिली. त्या यादीतील कंपनीकडून, तेवढ्याच विमा रकमेचा, घसारा न कापणारा आणि बॅटरीला संरक्षण देणारा विमा ३६,४०० ला मिळाला. इथे १५,६०० वाचले.

तिसरी ओळ आरटीओची. ही ओळ बघून लोक विचारतच नाहीत. सरकारी खर्च आहे, त्यात काय बोलायचे, असे वाटते. पण विजेच्या गाडीला नोंदणीचे शुल्क केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्येच माफ केले आहे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात मोटार वाहन करही माफ आहे. उच्च सुरक्षा नंबर प्लेटचे पैसे गाडीच्या किमतीतच धरलेले असतात. मग १४,५०० कशाचे? आम्ही म्हटले, "सरकारी पावतीवर जे असेल ते देऊ, वर तुमच्या माणसाच्या फेऱ्यांचे द्यायला आमची ना नाही." स्मार्ट कार्ड, टपाल आणि फेऱ्या मिळून १,२०० झाले. १३,३०० वाचले. एम.एच. २९ ची हिरवी पाटी तेवढ्यातच आली.

चौथी ओळ हँडलिंगची. हा कर नाही, शुल्क नाही, कायद्यात कुठे नाही. गाडी गोदामातून शोरूमपर्यंत आणणे हा विक्रेत्याच्या धंद्याचा खर्च आहे. अब्बा त्यावर हसले. म्हणाले, "मी सुरतेहून गठ्ठे आणायचो. गिऱ्हाईकाला कधी म्हटलं नाही की गठ्ठा उचलल्याचे वेगळे द्या." ती ओळ बाद झाली. ८,५०० वाचले.

पाचवी, सहावी आणि सातवी ओळ ऐच्छिक वस्तूंची. पण छापताना त्या सक्तीच्या असल्यासारख्या छापतात. ॲक्सेसरीजच्या संचात सीट कव्हर, क्रोमच्या पट्ट्या, सुगंधाची बाटली असे बरेच काही होते. आम्हाला पायपुसणीचा चांगला संच हवा होता, तो २,४०० ला घेतला. कोटिंग नको म्हटले. वाढीव वॉरंटीचा विचार जरा जास्त केला. कारण विजेच्या गाडीत भीती असते ती बॅटरीचीच. पण बॅटरीला कंपनीचीच आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी होती. आमचे वर्षाचे साडेबारा हजार किलोमीटर धरले तर आठ वर्षांत एक लाख होतात. वाढीव वॉरंटी बॅटरीसाठी नसून बाकीच्या भागांसाठी होती, आणि मूळ वॉरंटी संपण्यापूर्वी ती कधीही घेता येणार होती. मग आजच २१,००० कशाला द्यायचे? मात्र बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून मिळेल, आणि गाडी पुढे विकली तर ही वॉरंटी नव्या मालकाला लागू राहील का, हे दोन प्रश्न आम्ही लेखी विचारले आणि उत्तरही लेखीच घेतले.

आठवी ओळ फास्टॅगची. ती तशीच राहू दिली. जे रास्त आहे, त्यावर घासाघीस करायची नाही.

या सात ओळींत मिळून ८०,५०० रुपये वाचले. यातला एक रुपयाही "सूट" म्हणून मिळालेला नव्हता.

मधल्या काळात आणखी तीन गोष्टी पुढे आल्या. आपल्या वाचकांना त्या नक्की भेटतील, म्हणून लिहितो.

एक म्हणजे "शून्य टक्के व्याज". विक्रेत्याने मोठ्या उत्साहाने सांगितले की, तुम्हाला व्याज चालत नाही ना, मग ही योजना तुमच्यासाठीच आहे. सुनेने विचारले, "या योजनेत चाळीस हजारांची सूट राहील?" तो थांबला. सूट राहणार नव्हती. रोख घेणाऱ्याला ९ लाखांची गाडी आणि शून्य टक्केवाल्याला तीच ९ लाख ४० हजारांची. मग ते चाळीस हजार कशाचे, हे समजायला बी.कॉम. व्हावे लागत नाही. व्याजाने फक्त नाव बदलले होते.

दुसरी गोष्ट म्हणजे, शोरूममधून कर्ज घेतले तर आणखी दहा हजार कमी करू, असे सांगण्यात आले. कर्ज देणाऱ्या संस्थेकडून शोरूमला वाटा मिळतो, त्यातले हे दहा हजार. एका नातेवाइकाने सल्ला दिला, "घ्या कर्ज, सहा महिन्यांत फेडून टाका, दहा हजार तर सुटले." व्याज टाळणाऱ्याला गाडी महाग पडावी, हे आम्हाला बोचलेच. पण अम्मी म्हणाली, "इतकी वर्षं ज्या दारात गेलो नाही, त्या दारात दहा हजारांसाठी कशाला जायचं?" विषय तिथेच संपला. विजेच्या गाडीच्या कर्जावरील व्याजाला दीड लाखांपर्यंत आयकरात सवलत मिळते, असेही कुणी सांगेल. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. "केंद्राची सबसिडी नंतर खात्यात येईल" असे म्हणणाराही भेटेल. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी मोटारींना अनुदान नाही. उद्या मिळणारे पैसे आजच्या किमतीतून वजा करून बघू नयेत.

तिसरी गोष्ट आमच्या बाजूची होती. घासाघीस करताना दुसरीकडचा कमी भाव दाखवला की विक्रेता नमतो. त्याच नातेवाइकाने नागपूरच्या ओळखीतून पन्नास हजारांनी कमी असलेले एक कोटेशन बनवून आणतो म्हटले. असले कागद मोबाइलवर पाच मिनिटांत तयार होतात. अब्बा त्या दिवशी डायलिसिसहून येऊन पडले होते. पडल्या-पडल्या म्हणाले, "आपण त्याच्या कागदावरच्या प्रत्येक ओळीचं खरं-खोटं विचारतोय. मग आपल्या हातातला कागदही खरा पाहिजे." चाळीस वर्षे गजाने कापड मोजताना ते शेवटी अंगठ्याएवढे कापड जास्त सोडत. मापात पाप नको, हे त्यांचे नेहमीचे बोलणे. माप फक्त विकणाऱ्याच्याच हातात असते असे नाही, हे आम्हाला त्या दिवशी नीट समजले. आम्ही अमरावतीच्या एका शोरूममधून खरे कोटेशन आणले. ते फक्त चार हजारांनी कमी होते. तेवढेच दाखवले.

बारा हजार वेगळ्याच ठिकाणी मिळाले. गाडीचे पैसे भरण्यापूर्वी आम्ही गोदामात जाऊन प्रत्यक्ष तीच गाडी बघण्याचा आग्रह धरला. चेसिस नंबर लिहून घेतला, गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली ते विचारले. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या गाडीच्या टायरवर २२२५ होते, म्हणजे २०२५ सालचा बाविसावा आठवडा. गाडी जूनची निघाली आणि आम्ही ती डिसेंबरमध्ये घेत होतो. सहा महिने उन्हा-पावसात उभी. विजेच्या गाडीत मोठ्या बॅटरीशिवाय बारा व्होल्टची एक लहान बॅटरीही असते. गाडी फार दिवस उभी राहिली तर आधी ती उतरते. शिवाय महिन्याभरात वर्ष बदलणार. पुढे विकताना आमची गाडी २०२५ चीच मोजली जाणार. हे सगळे आम्ही शोरूमच्या व्यवस्थापकांना शांतपणे सांगितले. त्यांनाही जुना साठा वर्ष संपण्यापूर्वी काढायचा होता. लहान बॅटरी नवी बसवून आणि १२,००० आणखी कमी करून सौदा झाला. बुकिंगचे ११,००० दिले, तेव्हा "सौदा न झाल्यास पूर्ण परत" असे पावतीवरच लिहून घेतले.

शेवटचा हिशेब असा झाला. गाडी ८,८८,०००, विमा ३६,४००, आरटीओ १,२००, पायपुसणी २,४००, फास्टॅग ६००. एकूण ९,२८,६००. पहिल्या कागदावरील १०,२१,१०० मधून वजा केले तर साडेब्याण्णव हजार. आता सुरुवातीची दोन्ही उत्तरे जुळली असतील.

पैसे भरण्याबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुकानदार घरांमध्ये आणि भिशीत रोकड असते. पण दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्याने मनाई आहे, आणि ती एकाच व्यवहाराला लागू असल्याने तुकडे करून देऊनही उपयोग नाही. आम्ही सगळे पैसे आधी बँकेत भरले आणि पक्के बिल हातात आल्यावर शोरूमच्या खात्यात पाठवले.

उरलेले २१,४०० घरीच लागले. चार्जर कंपनीचा होता. पण केबल किती मीटरपर्यंत फुकट, आणि वर किती, हे आधी विचारले होते. आमचे मीटर रस्त्याच्या बाजूला, गाडी मागच्या अंगणात. जास्तीच्या केबलचे पैसे पडले. महावितरणकडे घरचा मंजूर भार वाढवून घेतला. आमच्या कोरड्या मुरमाड जमिनीत अर्थिंग नीट लागत नाही, म्हणून खोल खड्डा घेऊन कोळसा आणि मीठ भरले आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहायचे ठरवले. विजेच्या गाडीच्या किमतीत हा खर्च धरलाच पाहिजे. कोटेशनवर ही ओळ कोणी छापत नाही.

त्या घाटंजीच्या मुलाबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरे होणार नाही. सौदा झाल्यावर तो अब्बांना म्हणाला, "चाचा, गाडीवर आम्हाला फारसं सुटत नाही. जे सुटतं ते या मधल्या ओळींतच. विमा किती विकला, ॲक्सेसरीज किती विकल्या, याचा महिन्याचा आकडा आम्हाला द्यावा लागतो." म्हणजे आम्ही ज्या ओळी खोडल्या, त्यांत त्याच्याही पगाराचा एक भाग होता. अब्बांनी त्याला जवळ बसवले आणि म्हणाले, "धंदा करणाऱ्याने नफा घेतलाच पाहिजे, बेटा. मीही घेतला. फक्त तो कशाचा घेतला, हे गिऱ्हाईकाने विचारलं तर सांगता आलं पाहिजे." नंतर आम्ही त्याच्याकडे दोन कुटुंबे पाठवली. पाठवताना त्यांनाही सांगितले, मुलगा चांगला आहे, पण ओळी विचारा.

गाडी रोज रात्री अंगणात चार्ज होते. आठवड्यातून तीन वेळा पहाटे फजर पढून अब्बा, अम्मी आणि आम्हा भावांपैकी एक जण यवतमाळला निघतो. येताना अब्बा सीट मागे टाकून झोपतात. गाडीचा आवाज नसल्याने त्यांची झोप मोडत नाही. हे आम्ही कोणत्याही हिशेबात धरले नव्हते. भाड्याचे जे पैसे वाचतात, त्यांतून दरमहा काही रक्कम टायर, पुढच्या वर्षीचा विमा आणि घरच्या अडीनडीसाठी वेगळी निघते. अम्मीचे पैसे जागच्या जागी आहेत.

तो पहिला कागद आम्ही जपून ठेवला आहे. सात ओळींवर सुनेच्या हातची लाल शाई आहे. त्याच्या झेरॉक्स धाकट्याच्या दुकानात गल्ल्याखाली असतात. ज्याला गाडी घ्यायची असेल त्याने एक घेऊन जावी आणि आपल्या कोटेशनशेजारी ठेवून वाचावी. गेल्या महिन्यात दिग्रसचे एक गृहस्थ आले होते. त्यांच्या कागदावर अकरा ओळी निघाल्या.